पोडियमपंत

पंतांना पत्ता विचारला की ते आधी उंची सांगतात. "एकतिसावा मजला, सी विंग." मग थोडं थांबून, नाइलाजानं, "घोडबंदर रोड." नाका कुठला, बस कुठली, समोर काय आहे, हे प्रश्न त्यांच्या लेखी खालच्या पातळीवरचे.

वास्तविक हा माणूस ठाण्याच्या अस्सल नौपाड्यातला. गोखले रोडच्या एका गल्लीत खाली शिंप्याचं दुकान, शेजारी पिठाची गिरणी आणि वर दोन खोल्या, अशा घरात त्यांची उभी हयात गेली. गिरणीचा पट्टा सुरू झाला की यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, आणि शिंप्याकडे कोणाचं काय शिवायला पडलंय ते बघून पंत गल्लीतली लग्नं दोन महिने आधी जाहीर करायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जागा विकली आणि घोडबंदर रोडवरच्या एका टोलेजंग संकुलात फ्लॅट घेतला. संकुल 'मिक्स्ड यूज'. म्हणजे आठ मजले गाड्यांचे, त्यावर बाग, बागेच्या वर चाळीस मजले माणसांचे, एका कडेला ऑफिसांचा काचेचा टॉवर आणि मधल्या चौकात दुकानं. गाड्यांच्या डोक्यावरच्या त्या बागेला पोडियम म्हणतात. पंत हे नाव इतक्या वेळा घेऊ लागले की आमच्या कट्ट्यानं त्यांचं नव्यानं बारसं केलं, पोडियमपंत. त्यांना ते आवडलं. आपल्याला पदवी मिळाली अशी त्यांची समजूत आहे.

असे पंत आता खराडीत आहेत, हिंजवडीत आहेत, लोअर परळला तर मजल्यामजल्यावर आहेत. जिथे शेतावर किंवा बंद कारखान्यावर टॉवर उगवला तिथे एखादा पंत हटकून राहायला येतोच. त्याला ओळखायचं ते एका वाक्यावरून: "सगळं आतच आहे."

आणि असतं खरं. जिम आत, पोहायचा तलाव आत, मिनी थिएटर आत, देऊळ आत. ज्येष्ठ नागरिकांसाठी 'रिफ्लेक्सॉलॉजी पाथ' आहे. म्हणजे लहानमोठे गोटे सिमेंटात बसवलेली वाट, तिच्यावर अनवाणी चाललं की तळव्याच्या नसा जाग्या होतात. पंत त्यासाठी दरमहा मेंटेनन्स भरतात. घोडबंदर रोडवर हीच सोय दर पावसाळ्यानंतर फुकट असते, असं मी म्हटलं तेव्हा पंत म्हणाले, "ती क्युरेटेड नाही." राम मारुती रोडवर दिवाळी पहाटेला पोरापोरींची झुंबड उडते, तिकडे पंत आता फिरकत नाहीत. पोडियमवर सोसायटीची स्वतंत्र दिवाळी पहाट असते. ती साडेनऊला सुरू होते.

पंतांकडे मी टीएमटीच्या बसनं गेलो, हा माझा उद्धटपणा. संकुलाला तीन गेटं. एक गाड्या आत येण्याचं, एक गाड्या बाहेर जाण्याचं आणि एक कचऱ्याचं. मी आत येण्याच्या गेटाशी उभा राहिलो. पायी माणसानं कुठून जायचं याची खूण कुठेच नव्हती, म्हणून गाड्यांच्या रांगेत, एका पांढऱ्या एसयूव्हीच्या मागे, माझा नंबर लावला.

"गाडी नंबर?" वॉचमननं टॅब काढून विचारलं.

"गाडी नाही. चालत आलोय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "मग गाडी लावली कुठे?"

"गाडीच नाही हो."

तो बिचारा सज्जन होता. त्यानं मला टॅब दाखवला. त्यात लाल अक्षरांत आलं होतं की वाहन क्रमांक अनिवार्य आहे. मागची गाडी हॉर्न वाजवू लागली. वॉचमननं आवाज खाली आणून मार्ग सांगितला, "साहेब, बाहेर जाऊन एक रिक्षा करा आणि आत या. रिक्षाचा नंबर टाकतो." केली. रिक्षानं मला रॅम्प चढवून लॉबीच्या काचेसमोर उतरवलं, किमान भाड्याचे २६ रुपये घेतले, आणि वॉचमननं मला सलाम केला.

पंतांना मी हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगितलं. त्यांची छाती फुगली. "पाहिलंस? कोणीही उठून चालत आत येऊ शकत नाही."

वहिनींनी चहा ठेवत विचारलं, "रिक्षावाल्याला नाव कळलं का?" कारण संकुलाचं नाव इटलीतलं आहे आणि ते रिक्षावाल्यांना अजून पचलेलं नाही. हा सगळा पट्टा मुळात भातशेतीचा. बाळकूम, ढोकाळी, कोलशेत, मानपाडा, वाघबीळ, कावेसर, ओवळा ही गावं होती आणि त्यांची गावठाणं टॉवरांच्या फटींतून अजून डोकावतात. मग कारखाने आले. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट, आणि पाठोपाठ रंग, औषधं, कापड, यंत्रं यांचे कारखाने या बाजूलाही पसरले. पुढे कारखान्यांना टाळी लागली, जमिनींना भाव आला. कारखान्यांची नावं तेवढी नाक्यांना आणि थांब्यांना चिकटून राहिली. गोल्डन डाईज नाक्यावर उतरणाऱ्या आजच्या पोराला डाय कसला ते ठाऊक नसतं. वहिनी मात्र इटलीच्या भानगडीत पडत नाहीत. रिक्षावाल्याला त्या सरळ सांगतात, "कावेसर, तळ्याच्या अलीकडे."

पंतांची पुतणी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं प्रकल्पासाठी काकांचंच संकुल निवडलं, तेव्हा पंतांनी पेढे वाटले. तिला टॉवरच्या शेंड्याचं काही पडलेलं नाही, ती फक्त बुडखा मोजणार आहे, हे त्यांना उशिरा कळलं.

तिची मोजपट्टी साधी होती. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी रस्त्याची एक परीक्षा सांगितली आहे: शंभर मीटर चाला आणि दारं मोजा. पंधरा-वीस दारं लागली तर रस्ता जिवंत समजायचा. माणूस ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालतो. त्या चालीला दर चार-पाच सेकंदांनी नवं काही दिसत राहिलं तर त्याला अंतर जाणवत नाही, एरवी तेच अंतर संपता संपत नाही. पुतणी आधी काकांना घेऊन राम मारुती रोडवर गेली. शंभर मीटरला एकोणीस दारं लागली. वेळ लागला पाऊण तास, कारण पंत बरोबर होते. पहिल्या दुकानात त्यांनी मालकाच्या मोतीबिंदूची चौकशी केली. पाचव्या दारात चष्म्याची दांडी घट्ट करून घेतली, पैसे विचारले तर चष्मेवाला "राहू द्या हो" म्हणाला. अकराव्याशी त्यांना कोणीतरी थांबवून घरातल्या भांडणात निवाडा मागितला. पंतांनी तो उभ्याउभ्या दिला. पुतणी वहीत खुणा करत राहिली.

मग दोघं संकुलाच्या भिंतीकडेनं चालली. मीही होतो. चारशे मीटर लांबी. पंत इथे एकदम गप्प. बघायला काही नव्हतं आणि थांबायला कोणी नव्हतं. आतल्या दुकानांची तोंडं चौकाकडे, रस्त्याकडे त्यांच्या एसीची तोंडं, ती आमच्यावर गरम हवा सोडत होती. पाठच्या काचांवर हसऱ्या गोऱ्या कुटुंबांची स्टिकरं होती. तेवढीच काय ती त्या रस्त्यावरची वस्ती.

"इन गेट, आऊट गेट," पुतणीनं मोजलं. "काका, कचऱ्याचं धरू?"

"धर. ते सगळ्यांत मोठं आहे."

आणखी पुढे, बसस्टॉपला लागून, भिंतीत एक छोटं लोखंडी दार सापडलं. गंजलेलं, साखळी, कुलूप. टॉवर बांधताना मजुरांसाठी ठेवलेलं विकेट गेट. "आणि हे?"

"ते बंद असतं. ते दार नाहीच, ती भिंत आहे," पंत म्हणाले. "त्याची चावी माझ्या ताब्यात असते."

परत आल्यावर पुतणीनं काकांना भिंतीचं गणित समजावलं. नौपाड्यातले प्लॉट एवढेएवढेसे, म्हणून पन्नास पावलांवर गल्ली फुटते. इथे अख्ख्या कारखान्याची जमीन एका हाती गेली. आतले टॉवर नवे आले, कंपाउंड कारखान्याचंच राहिलं. कारखान्याला एक गेट पुरायचं, कारण कामगार भोंग्यावर एकदम आत आणि एकदम बाहेर. त्याच मापाच्या भिंतीत आता हजारो माणसं दिवसभर ये-जा करतात. शिवाय गाड्यांचे मजले चटईक्षेत्रात धरत नाहीत, त्यामुळे ते खालून आठापर्यंत सुखानं चढतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणसाऐवजी गाड्यांचे बंपर येतात. आगीचा बंब इमारतीभोवती फिरला पाहिजे म्हणून चहूबाजूंनी जागा सोडावी लागते, सोडली की तिचा ड्राइव्हवे होतो. ड्राइव्हवेबाहेर भिंत. भिंतीबाहेर फुटपाथ, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, होर्डिंगचा खांब, उचकटलेले पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोचे पत्रे यांतून जे उरेल ते.

"काका, यातला प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर आहे. सगळे एकत्र आले की भिंत होते."

"मग बरोबरच आहे," पंत म्हणाले.

"आणि नियमानं रस्त्याकडची भिंत दीड मीटरपर्यंतच भरीव हवी. त्याच्या वर अडीच मीटरच्या आतबाहेर न्यायची तर वरचा भाग जाळीचा ठेवायचा, आरपार दिसेल असा."

"आहे की जाळी."

जाळी होती. पंत सोसायटीच्या समितीवर, आणि त्या समितीनं जाळीला खालपासून वरपर्यंत प्लास्टिकची वेल गुंडाळली होती. वेल दर आठवड्याला पाइपनं धुतात. पुतणीनं मग शेवटचं शस्त्र काढलं. जेन जेकब्ज नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६१ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की रस्त्याची राखण पोलिसांपेक्षा जास्त करतात ती दुकानदारांची आणि खिडकीत बसलेल्या लोकांची नजर. खुद्द काका नौपाड्यात आयुष्यभर दुसरं काय करत होते?

"आता कॅमेरे आहेत," पंत म्हणाले. "दोनशे."

"कोण बघतं?"

"बघायचं कशाला? रेकॉर्ड होतं."

पंतांच्या 'सगळं आतच आहे' या सिद्धांताला पहिला तडा गेला तो चकलीच्या भाजणीनं. दिवाळी आठवड्यावर आलेली. वहिनींनी तांदूळ, डाळी, धणे, जिरे वेगवेगळे भाजून दोन डबे भरले, आणि आत गिरणी नाही हे पंतांच्या लक्षात आलं. चौकातल्या दुकानांत क्रोसाँ मिळतो, कोरियन मलम मिळतं, कुत्र्याचे केस कापून मिळतात. भाजणी दळून मिळत नाही. साडीला फॉल-पिको होत नाही, बॅगेची चेन बसत नाही, कुकरला शिट्टी मिळत नाही. घरघंटी घेतली तर तिसाव्या मजल्यावरून लेखी तक्रार येते. आणि मुळात असली दुकानं चालवणार कोण? तिथलं भाडं भाजणी दळून निघत नाही.

पंत डगमगले नाहीत. मला गॅलरीत नेऊन त्यांनी बोट दाखवलं. "ती बघ गिरणी. अगदी समोर." खरंच होती. हायवेच्या पलीकडे, गावठाणाच्या तोंडाशी, पत्र्याचं छप्पर. वरून पाहिलं तर हात लांब केला की लागेल. "गाडीनं पाच मिनिटं."

एक डबा पंतांनी मांडीवर घेतला, गाडी मी चालवली. सहाव्या पार्किंग मजल्यावरून गोल गोल खाली येण्यातच भाजणी एकदा कलंडली. आऊट गेटातून फक्त डावीकडे वळता येतं. डावीकडे मेट्रोचे पत्रे. पत्र्यांच्या कडेनं, जेएनपीए बंदराहून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरांच्या मागे, पुढच्या उड्डाणपुलाखालच्या सिग्नलपर्यंत. तिथे यू टर्न बंद. म्हणून त्याच्या पुढच्या. तिथून परत. दोनदा गिरणी अगदी जवळून गेली, एकदा रस्तादुभाजकापलीकडून आणि एकदा थांबायला जागा नव्हती म्हणून. पंत दोन्ही वेळा "हीच ती" म्हणाले. अखेर गाडी गावठाणातल्या एका देवळाशी लावून आम्ही डबा घेऊन चालत गेलो. घरातून निघाल्याला सव्वा तास झाला होता.

गिरणीवाल्यानं पंतांकडे पाहिलं. "वहिनींचा डबा झालाय. नेताय का?"

"कुठला डबा? डबा माझ्याकडे आहे."

"दुसरा. वहिनी घेऊन आल्या होत्या मघाशी. चालत आल्या, पुलावरून." त्यानं बोट दाखवलं. हायवेवरचा पादचारी पूल पलीकडे बसस्टॉपपाशी उतरत होता.

पंतांनी यावर विचार करायचं कटाक्षानं टाळलं. परतीच्या पाऊण तासात ते फक्त एवढंच म्हणाले, "पेट्रोलचे पैसे देतो."

दुसरा तडा जूनमध्ये गेला, तो त्यांनी स्वतःच पाडला. पहिल्या पावसाबरोबर येऊरच्या जंगलातून आदिवासी बायका रानभाज्या घेऊन खाली ठाण्यात उतरतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी. पंत शेवळांसाठी वेडे आहेत. आतल्या सुपरस्टोअरमध्ये प्लास्टिकच्या डबीत मायक्रोग्रीन्स मिळतात, म्हणजे बोटभर उगवलेली मोहरी, आणि लोकांसमोर पंत तीच घेतात. पण जूनमध्ये त्यांना अचानक पहाटे फिरायला जायची आवड उत्पन्न होते. एके दिवशी मी बसमधून उतरलो तर समोर पंत. ट्रॅकसूट, डोक्याला हेडफोन, हातात कापडी पिशवी. एका आजीसमोर उकिडवे बसून ते शेवळांची जुडी निवडत होते.

"अगं, काकडं कुठेत? काकडांशिवाय शेवळं खाल्ली तर घसा धरेल माझा."

"शेजारच्या टोपलीत हायेत. कालचे पैसे ऱ्हायलेत तुमचे."

म्हणजे पंतांची उधारी चालू होती. मला पाहून ते ताठ उभे राहिले. "मॉर्निंग वॉकला आलो होतो. सर्व्हे करतोय फेरीवाल्यांचा. समितीसाठी."

सर्व्हे करण्याजोगं तिथे खरंच बरंच होतं. चारशे मीटरची भिंत सगळीकडे ओसाड, पण जिथे पादचारी पूल उतरतो, बस थांबते आणि ते बंद विकेट गेट आहे, तिथल्या वीस-पंचवीस पावलांत मोची होता, छत्री लावून बसलेला चावीवाला होता, वडापावची गाडी होती, इस्त्रीवाला होता. संकुलात 'रिटेल'साठी जेवढी जागा राखून ठेवली होती, तिच्यापेक्षा जास्त धंदा या वीस पावलांत होत होता. आत दार मिळालं नाही म्हणून बाजार भिंतीला पाठ टेकून बसला होता. गिऱ्हाइकं मात्र बहुतेक आतली, लांबचा वळसा घालून आलेली.

सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत ते विकेट गेट विषयपत्रिकेवर आलं. बी विंगमधल्या एका मुलीनं ठराव मांडला की सकाळी सहा ते रात्री दहा एक वॉचमन बसवून गेट उघडं ठेवावं. तिथून बसस्टॉप दोन मिनिटांवर. मुख्य गेटानं गेलं तर भिंतीला वळसा, बारा-पंधरा मिनिटं, त्यातला निम्मा वेळ गाड्यांच्या रॅम्पवर अंग चोरून. कॉलेजची पोरं, नोकरीवाल्या बायका, स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावश्या, सगळ्यांचा रोजचा जवळजवळ अर्धा तास वाचेल.

पंत उठले. सुरक्षा, म्हणाले. सुरक्षा म्हटल्यावर सभा सावरून बसली. मग त्यांनी बिबट्या काढला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, कॅमेऱ्यातलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आपल्या पाठीशी येऊरचं जंगल आहे. गेट उघडं ठेवलं आणि उद्या बिबट्या आला तर जबाबदारी कोणाची?

"काका, बिबट्या भिंतीवरून येतो," ती मुलगी म्हणाली. "आम्हाला उडी मारता येत नाही, म्हणून गेट मागतोय."

हशा पिकला. एका वकील सभासदानं मग गंभीर मुद्दा मांडला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पादचाऱ्यांना वापरता येण्याजोगा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. आपल्या सभासदांना फुटपाथपर्यंत पोचूच दिलं नाही तर त्या हक्काचं करायचं काय?

"फुटपाथ बाहेर आहे," पंत म्हणाले. "त्यामुळे कलमही बाहेर लागू."

ठराव पडला. गेट बंद ठेवावं, आणि त्याची चावी यापुढे कोणाही सभासदाच्या ताब्यात न ठेवता सीलबंद पाकिटात घालून मॅनेजरच्या तिजोरीत ठेवावी, असं बहुमतानं ठरलं. चावी पंतांच्या टेबलाच्या खणात असे. ती सोमवारी दहा वाजता जमा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. टाळ्या वाजल्या. वहिनी टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हत्या, पण विरोधात हात वर करणाऱ्यांतही नव्हत्या, याचं मला नवल वाटलं.

सोमवारी साडेनऊला मी नेहमीच्या बसनं उतरलो, तर चावीवाल्याच्या छत्रीखाली पंत. हातात ती चावी, चेहऱ्यावर गांभीर्य.

"हे काय पंत?"

"हळू बोल." त्यांनी मला छत्रीच्या आत ओढलं. "पाकीट मॅनेजरकडे राहणार. तो पाचला घरी जातो. रात्री-अपरात्री काही आणीबाणी आली तर? एक प्रत जबाबदार माणसाकडे असलेली बरी. सुरक्षेच्या दृष्टीनं." मग चावीवाल्याकडे वळून, "किती वेळ लागेल?"

चावीवाल्यानं चावी हातात घेतली, एकदा उलटी केली आणि परत दिली. कानस उचलली नाही, माप घेतलं नाही. शेजारच्या खिळ्यावर जाडसर तारेत चाव्यांचा जुडगा अडकवला होता. त्यातून एक सोडवून त्यानं पंतांच्या तळहातावर ठेवली.

"ही घ्या. तयारच असते."

पंतांनी दोन्ही चाव्या शेजारी धरल्या. दातेसुद्धा जुळत होते. "तयार म्हणजे?"

"या गेटाची ना? खप आहे तिला. बी विंगच्या सेक्रेटरी साहेबांनी दोन नेल्या. तिसाव्या मजल्याच्या मॅडमनी एक. मावश्यांनी सहाजणींत मिळून एक केलीये, पहिली येते ती उघडते. जिमच्या मास्तरांची हरवली म्हणून परवा दुसरी दिली."

पंत लालबुंद झाले. "पण मुळात ही बनली कशी? अस्सल चावी माझ्या खणात होती!"

"मागल्या दिवाळीच्या आधी एक बाई आल्या होत्या अस्सल चावी घेऊन," चावीवाला आठवून म्हणाला. "घाईत होत्या. हातात पिठाचा डबा होता."

पंतांच्या तोंडून शब्द फुटेना. वडापाववाल्यानं घाणा काढला, बस आली, बस गेली. मग त्यांच्यातला समिती सदस्य सावरला.

"कुलूप बदललं पाहिजे," ते करड्या आवाजात म्हणाले. "आजच. चांगलं सात लिव्हरचं. आहे का तुझ्याकडे?"

"आहे ना. किती चाव्या करू?"

पंतांनी इकडे तिकडे पाहिलं. "दोन," म्हणाले. एकवार वर, एकतिसाव्या मजल्याकडे नजर टाकली. "थांब. तीन कर."